मेनच्या आधीच मेला, मारला कुणी?

महापे, रबाळे, ऐरोली, बरेच जण ऑफिस सुटल्यावर थेट इथे आलात, म्हणून प्रस्तावना वगैरे सोडतो. जीडीबीत, म्हणजे प्रोग्राम मध्येच थांबवून आत बघायच्या डीबगरमध्ये, रन मारलं आणि आपल्या कोडची एक ओळ चालायच्या आत 'ड्युरिंग स्टार्टअप प्रोग्राम टर्मिनेटेड' येऊन खेळ खल्लास, तोच प्रोग्राम टर्मिनलवर मात्र मस्त पळतोय. मग आपण काय करतो, मेनवर, म्हणजे आपला कोड जिथून सुरू होतो त्या फंक्शनवर, ब्रेकपॉइंट लाव, प्रिंट टाक, रिबिल्ड कर, चहा पी, परत रिबिल्ड. अहो, ठाण्याला दहा नंबरवर गाडीतच चढता आलं नाही, तर त्या माणसाला ऐरोली स्टेशनवर शोधून काय सापडणार?

युनिक्सवर जीडीबी तुमचा प्रोग्राम थेट चालू करत नाही, आधी शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणारा प्रोग्राम, उठवतो, तुमच्या शेल व्हेरिएबलमध्ये जो असेल तो, आणि मग तो शेल एक्झेक करून, म्हणजे स्वतःची जागा देऊन, तुमचा प्रोग्राम होतो. सोय आहे ही, रन करताना फाइलच्या नावात स्टार टाकता येतो, फाइलमधून इनपुट देता येतो. पण शेलच मेला तर? मॅकवर हेच झालं. २०१५ला मॅकच्या एल कॅपिटन आवृत्तीबरोबर सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन आलं, सिस्टिमचा शेल त्या संरक्षणाखाली, त्याला डीबगर लावूच देत नाहीत, आणि पुढच्या वर्षी सिएरा आल्यावर लोकांचा जीडीबी धडाधड पडायला लागला. उपाय एका ओळीचा, सेट स्टार्टअप-विथ-शेल ऑफ. रन करताना स्टार, शेलची व्हेरिएबल आणि रिडायरेक्शन, म्हणजे फाइलमधून इनपुट देणं, एवढं जातं. जीडीबी कोडसाइन करावा लागतो, म्हणजे त्यावर सर्टिफिकेटची सही करावी लागते, ती वेगळी कटकट, आणि एम सिरीजचा मॅक असेल तर सरळ एलएलडीबी हा दुसरा डीबगर वापरा, उगाच जीव काढू नका.

लिनक्सवर सीशेल किंवा झेडशेल असेल तर त्याची आरसी किंवा एन्व्ह फाइल, म्हणजे शेल सुरू होतानाच वाचतो ती, एकदा बघा, कुणीतरी हौसेने त्यात एक्झिट लिहिलेलं निघतं.

आता माझी आवडती केस. एआरएम बोर्ड, प्रोग्राममध्ये ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी, आणि सुरुवातीलाच सिगिल, म्हणजे इल्लीगल इन्स्ट्रक्शनचा सिग्नल. सगळे म्हणतात कंपायलर फ्लॅग चुकला. मुळात हा क्रॅशच नाही! लायब्ररी मुद्दाम एक इन्स्ट्रक्शन चालवून बघते, सीपीयूला जमली तर ठीक, नाहीतर सिग्नल स्वतः पकडून पुढे जाते, मध्ये जीडीबी नाक खुपसतो इतकंच. कंटिन्यू मारलं तरी चालतं, रोज मारायचं नसेल तर हँडल सिगिल नोस्टॉप नोप्रिंट पास, म्हणजे थांबू नको, छापू नको, सिग्नल प्रोग्रामला दे. पासच्या जागी नोपास लिहू नका हं, नाहीतर सिग्नल लायब्ररीपर्यंत पोचतच नाही आणि तीच इन्स्ट्रक्शन फिरून फिरून फेल होत बसते.

विंडोजवर एक्झिट कोडच्या शेवटी १३५ दिसलं, सी चार झिरो १३५, तर डीएलएल सापडली नाही, पाथ बघा. डॉकरमध्ये जीडीबीला ॲड्रेस रँडमायझेशन, म्हणजे प्रोग्रामचे मेमरीतले पत्ते दरवेळी बदलणं, बंद करता येत नाही म्हणून वॉर्निंग येते, सेट डिसेबल-रँडमायझेशन ऑफ करा, आणि पीट्रेस, म्हणजे डीबगर ज्यातून प्रोग्राम पकडतो ती सोय, तीच नाकारली तर कंटेनरला सिस-पीट्रेस कॅपेबिलिटी द्या.

हे सगळं होममधल्या डॉट जीडीबीइनिटमध्ये, म्हणजे जीडीबी सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये, कोंबू नका. शेलवालं तिथे ठीक. हँडलच्या ओळी प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच, कारण जावासाठी सिगसेगव्ह, म्हणजे सेगफॉल्टचा सिग्नल, नोस्टॉप करून ठेवलात आणि उद्या सी प्लस प्लसमध्ये खरा सेगफॉल्ट आला, तर जीडीबी त्या ओळीवर थांबणारच नाही. प्रोजेक्टची फाइल जीडीबी आधी नाकारेल, होममध्ये ॲड-ऑटो-लोड-सेफ-पाथ लिहून त्या फोल्डरला परवानगी द्या.