साळ नदीत विषाणू ‘नाही’ असं कधी म्हणावं?

गोव्यात मडगाव, नावेली करत बेतूलला समुद्राला मिळणाऱ्या साळ नदीत उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस किंवा काविळीचा विषाणू आहे का, हे पाहायचं तर आधी पाण्याचा हिशेब मांडा. 10 लिटर पाणी घेतलं, त्यातले विषाणू 10 मिलिलिटरमध्ये गोळा केले. त्यातलं 200 मायक्रोलिटर आरएनए (विषाणूचं जनुकीय द्रव्य) काढायला गेलं, आरएनए 50 मायक्रोलिटरमध्ये उतरवला, पीसीआरच्या (जनुकीय द्रव्याच्या प्रती काढून विषाणू ओळखणाऱ्या चाचणीच्या) नळीत त्यातला 5 मायक्रोलिटर घातला. म्हणजे यंत्राने तपासलं नदीचं 20 मिलिलिटर पाणी. गोळा करताना शंभरातले दहाच विषाणू हाती लागले असतील, तर जेमतेम 2 मिलिलिटर! एवढ्यावरून ‘विषाणू आढळला नाही’ असा अहवाल देऊन मोकळं होणं मला धोक्याचं वाटतं.

म्हणून 10 लिटरच्या कॅनमध्ये सुरुवातीलाच मेंगोव्हायरस (पडताळणीसाठी मुद्दाम वापरायचा विषाणू) मोजून घालायचा आणि शेवटी किती परत मिळाला ते पाहायचं. हा मेंगोव्हायरस थेट आरएनए काढताना घातला, तर गोळा करतानाची गळती दिसतच नाही.

गोळा करण्यासाठी स्किम्ड दुधाची पद्धत आपल्याकडे परवडते. खारं पाणी घेऊन त्यात 1 टक्का स्किम्ड दुधाची पावडर मिसळायची, आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप) 3.5 करायचा. हे मिश्रण 100 मिलिलिटर, 10 लिटर नमुन्यात घालायचं. नमुन्याचाही पीएच 3.5 करायचा. आठ तास ढवळायचं, आठ तास निवळू द्यायचं, म्हणजे साकळलेल्या दुधाला चिकटून विषाणू तळाशी बसतात. वरचं पाणी सायफनने काढून तळाचा साका सेंट्रिफ्यूज यंत्रात 8,000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 8,000 पट) जोराने अर्धा तास फिरवायचा आणि फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) विरघळवायचा. बेतूलच्या खाडीचं पाणी मुळातच खारं, तिथे हे सहज जमतं. ओपाजवळ खांडेपार नदीच्या गोड्या पाण्यात मात्र क्षार घालावे लागतात, नाहीतर साका नीट बसत नाही.

पावसाळ्यात पाणी तांबडं होतं. गाळाच्या कणांना विषाणू चिकटतात, त्यामुळे आधी गाळून गाळ फेकू नका. त्याच्यासोबत विषाणूही जातात. पण गाळाबरोबर ह्युमिक आम्लंही (कुजलेल्या पालापाचोळ्यातली) येतात आणि ती पीसीआर अडवतात. ओळखायचं कसं? काढलेला आरएनए दहापट पातळ करून पुन्हा चालवा. सीटी (विषाणू दिसेपर्यंत लागलेल्या पीसीआरच्या फेऱ्यांचा आकडा) साधारण 3.3 ने वाढला तर ठीक. कमी वाढला किंवा उलट घटला, तर अडथळा आहे.

ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू, पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत मोजतात तो) कमी म्हणून निर्धास्त होऊ नका. 1955-56 साली दिल्लीत यमुनेतलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं. क्लोरीन वाढवल्याने जिवाणूंचे आजार आटोक्यात राहिले, काविळीचे मात्र 29,000 हून अधिक रुग्ण झाले.

आणि ‘आढळला’ असं आलं, तरी पीसीआर मेलेल्या विषाणूचा आरएनएही मोजतो. म्हणून अहवालात किती लिटर पाणी, मेंगोव्हायरस किती टक्के परत मिळाला, अडथळा होता का आणि विषाणू जिवंत असल्याची चाचणी झाली का, हे सगळं लिहा.