कायदा सभागृहात पास होतो, घडतो मात्र समितीत

टीव्हीवर संसद लावली की बहुतेक वेळा गोंधळ दिसतो, घोषणा, फलक, वेलमध्ये म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत उतरलेले खासदार, आणि घरात कुणीतरी म्हणतंच की हे काय कायदे करणार. मला आज बोलायचंय ते जिथे कॅमेरा जात नाही त्या जागेबद्दल, संसदेच्या स्थायी समित्यांबद्दल. आपला खासदार आपला प्रतिनिधी म्हणून सगळ्यात जास्त कुठे कामाला येत असेल तर तिथे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी विधेयकाचा प्रवास पटकन सांगतो. मांडलं की पहिलं वाचन झालं. दुसऱ्या वाचनात एकूण विषयावर चर्चा आणि मग एकेक कलम मताला. अध्यक्ष विचारतात, बाजूचे हो म्हणतात, विरोधातले नाही, आवाजावरून निकाल, कुणी हरकत घेतली तर मतविभागणी, म्हणजे मतं मोजतात. यात एक बारकावा बघण्यासारखा आहे, पहिलं कलम, ज्यात कायद्याचं नाव असतं, ते सगळ्यात शेवटी मताला टाकतात. म्हणजे आतलं सगळं ठरल्यावर नाव पक्कं. तिसऱ्या वाचनात अख्खं विधेयक पास, मग दुसरं सभागृह, मग राष्ट्रपतींची मंजुरी. धनविधेयक, म्हणजे कर आणि सरकारी पैशांबद्दलचं विधेयक, असेल तर राज्यसभेला 14 दिवस मिळतात आणि फक्त शिफारशी करता येतात. एवढं तुम्ही शाळेत शिकलायत.

पण दुसऱ्या वाचनात कलमं मताला पडायच्या आधी विधेयक समितीकडे पाठवता येतं, आणि खरं काम तिथे होतं. खात्यांशी जोडलेल्या या समित्या 1993 ला आल्या, तेव्हा 17 होत्या, 2004 पासून 24 आहेत. प्रत्येकीत 31 जण, 21 लोकसभेचे, 10 राज्यसभेचे, आणि मंत्री एकही नाही. बैठका बंद दाराआड होतात. आता लोकशाहीत बंद दार कशाला, असं कुणाच्याही मनात येईल. पण सभागृहात काय होतं बघा, 1985 ची 52वी घटनादुरुस्ती आल्यापासून व्हिप, म्हणजे कसं मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, मोडून मत दिलं तर खासदारकी जाऊ शकते, त्यामुळे तिथे कोण कसं मत देणार हे आधीच ठरलेलं असतं. समितीत व्हिप नाही, कॅमेरा नाही, समोर खात्याचा सचिव बसलेला, आणि सत्ताधारी पक्षाचा खासदारसुद्धा त्याला सरळ विचारू शकतो की बाबा हे कलम असं का लिहिलंय, याचा माझ्या मतदारसंघातल्या माणसाला काय उपयोग.

माहिती अधिकाराचंच घ्या. डिसेंबर 2004 मध्ये विधेयक मांडलं तेव्हा ते फक्त केंद्र सरकार आणि केंद्राच्या अखत्यारीतल्या संस्थांपुरतं होतं. आता सामान्य माणसाचं काम कुठे अडतं? तलाठ्याकडे, ग्रामपंचायतीत, रेशनच्या दुकानात, पोलीस ठाण्यात. हे सगळं राज्यांकडे. आपल्याकडे महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 2002 चा होता, पण कित्येक राज्यांत काहीच नव्हतं. विधेयक समितीकडे गेलं, चळवळीतल्या लोकांनी तिथे जाऊन आपलं म्हणणं मांडलं, समितीने सांगितलं की हा कायदा राज्यांनाही लागू करा, आणि शेवटी सरकारने शंभराहून जास्त दुरुस्त्या करून मे 2005 मध्ये तो दोन्ही सभागृहांत पास करून घेतला. 12 ऑक्टोबर 2005 पासून तो लागू झाला, आणि आज कुणीही साध्या कागदावर अर्ज करून ग्रामपंचायतीचा खर्च विचारतो ना, तो त्या दुरुस्तीमुळे.

म्हणून मला वाईट वाटतं आणि रागही येतो, की विधेयकं समितीकडे पाठवणं बंधनकारक नाही. पंधराव्या लोकसभेत (2009-14) साधारण 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती, सतराव्या लोकसभेत (2019-24) हे प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास आलं. सरकार कुणाचंही असो, घाईत केलेल्या कायद्यातली चूक लोकांनाच भोगावी लागते, आणि मग दुरुस्तीसाठी वर्षानुवर्षं कोर्टात खेटे घालावे लागतात. शिवाय समितीच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, हेही आहेच. पण शिफारस लेखी असते, सभागृहात मांडली जाते, ती का मानली नाही हे मंत्र्याला विचारता येतं.

तुम्ही काय करू शकता? 2024 ला देशात जवळपास 97 कोटी मतदार होते आणि जागा 543, म्हणजे एका खासदारामागे सरासरी 17-18 लाख मतदार, तो प्रत्येकाला भेटेल ही अपेक्षाच धरू नका. पण समितीकडे विधेयक आलं की बऱ्याचदा पेपरात जाहिरात देऊन आणि संसदेच्या वेबसाइटवर सूचना मागवल्या जातात, हिंदी किंवा इंग्रजीत लेखी पाठवता येतात, मुदत मात्र कमी असते, तेव्हा लक्ष ठेवा. पाठवताना कायदा चांगला की वाईट असा निबंध लिहू नका, कलमाचा नंबर टाका, अडचण कुठे येणार ते तुमच्या कामातल्या अनुभवातून सांगा आणि त्या जागी काय शब्द हवेत तेही लिहून द्या. अहवाल आला की तो उघडून शेवटी जोडलेली असहमतीची पत्रंही वाचा, असतीलच असं नाही, पण असली तर कुठल्या खासदाराने कुठल्या कलमावर हरकत घेतली ते तिथे नावासकट सापडतं, आणि त्यात तुमचा खासदार असेल तर त्याला त्याबद्दल पत्र पाठवा.