बेलग्रेड ते बार: २५४ बोगद्यांची गाडी

[तोपचिदेर स्थानक, बेलग्रेड. सकाळ.]

डब्यांवर पोरांनी स्प्रेनं चित्रं काढलीत, ती पुसायला कुणाला सवड नाही. आत सहा जणांचे जुने कूपे. खिडकीची काच दोन्ही हातांनी खाली ओढली की मान बाहेर काढता येते. पुढचे अकरा-बारा तास आम्ही बहुतेक अशाच अवतारात होतो.

[निळ्या डब्यांचा आतला भाग.]

ही आमची गाडी नव्हे, युगोस्लाव्हियाचे अध्यक्ष टिटो यांची, ‘प्लावी वोझ’, म्हणजे निळी आगगाडी. लाकडानं मढवलेल्या भिंती, जेवणाचं लांबलचक टेबल. मे १९८०मध्ये टिटोंचं पार्थिव याच गाडीनं ल्युब्लियानाहून बेलग्रेडला आणलं.

[मक्याची शेतं, आलुबुखाराच्या बागा.]

आपल्याकडच्या सहलींत युरोप म्हटलं की स्वित्झर्लंड. इकडे कोण फिरकतंय! पण सर्बियाची राजधानी आणि माँटेनेग्रोचं बार बंदर जोडणारा हा ४७६ किलोमीटरचा मार्ग बघा. २५४ बोगदे, ४३५ पूल. काम सुरू झालं १९५२मध्ये, तेही दोन्ही टोकांनी. १९५८मध्ये बेलग्रेडकडचा पहिला तुकडा खुला झाला, १९५९मध्ये समुद्राकडचा. १९६८मध्ये रूळ वाल्येवोला पोचले, १९७२मध्ये उझित्सेला. मधे उरले ते निव्वळ डोंगर. पैसा कित्येकदा आटला, लोकांकडून कर्ज उभारावं लागलं, पण काम सोडून दिलं नाही. शंभराहून जास्त मजुरांचा या कामात जीव गेला. २८ मे १९७६ला पहिली गाडी धावली, तेव्हा टिटो स्वतः आले होते.

[उझित्से. काँक्रीटचं उंच हॉटेल.]

हे रॉकेटसारखं उभं आहे ते हॉटेल झ्लातिबोर. १९८१चं. आराखडा स्वेतलाना काना रादेविच या माँटेनेग्रोच्या वास्तुविशारद बाईंचा. १९४१च्या शरद ऋतूत जर्मन फौजांना हुसकावून टिटोंच्या पार्टिझन सैनिकांनी याच गावात आपलं प्रजासत्ताक चालवलं होतं. ६७ दिवस. बँकेच्या तळघरात बंदुका बनत. पुढे १९९२पर्यंत गावाचं नावच होतं तितोवो उझित्से, म्हणजे टिटोंचं उझित्से.

[बोगदा. अंधार. उजेड. पुन्हा अंधार.]

यानंतर रूळ जेमतेम नऊ किलोमीटर बोस्नियातून जातात. गाडी इथे थांबली नाही. बोस्नियातल्या युद्धात, फेब्रुवारी १९९३मध्ये, ती इथल्या श्ट्रप्त्सी स्थानकात थांबवली होती. २० प्रवाशांना उतरवून नेलं आणि मारलं. १९९९च्या नाटोच्या बॉम्बफेकीत या मार्गाचीही मोडतोड झाली.

[कूपे. आजींचे हात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पदार्थ.]

ही गिबानित्सा. पातळ पापुद्र्यांमध्ये चीज आणि अंडी. समोरच्या आजींनी आधी कॅमेऱ्याकडे संशयानं पाहिलं, मग तुकडे मोडून सगळ्यांच्या हातावर ठेवले. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. दुसरा तुकडा नको म्हणणं मात्र कुठल्याच भाषेत जमलं नाही.

[कोलाशिन. पाइनची झाडं.]

कोलाशिन, समुद्रसपाटीपासून १०३२ मीटर. इथून मोराचा नदीच्या घळीवरून उतार. पन्नासेक मीटर उंचीवरच्या पोडगोरित्सापर्यंत गाडी कड्याला चिकटून खाली येते.

[माला रियेका पूल. संथ चित्रण.]

आता खिडकीतून खाली बघा.

[आठ सेकंद निवेदन नाही.]

माला रियेका. ४९८ मीटर लांब, १९८ मीटर उंच. कोकण रेल्वेवरचा रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटरचा. त्याच्या तिपटीहून हा उंच. २००१मध्ये चीननं मागे टाकेपर्यंत जगातला सर्वांत उंच रेल्वे पूल हाच होता. आता तो मान आपल्या चिनाब पुलाकडे आहे.

पूर्वी सात तासांत होणाऱ्या प्रवासाला आता अकरा-बारा लागतात. युगोस्लाव्हियाचे तुकडे झाले, डागडुजी रखडली. आम्हाला मात्र तो उशीर पावलाच, पूल नीट टिपता आला.

[स्कादार सरोवर. पाण्यातून जाणारा बांध.]

डावीकडे पाणी, उजवीकडे पाणी. मग सहा किलोमीटरचा सोझिना बोगदा, आणि बाहेर पडताच…

[एड्रियाटिक समुद्र.]

[सुतोमोरे. आजी पिशवी सांभाळत उतरतात. फलाटाच्या कडेला एक मुलगा, पाय ओले.]