घाम दिसत नाही, तिथं जपा

फेब्रुवारी संपतोय, तरी दादर स्टेशनपासून इथवर चालत येताना तुमचा रुमाल ओला झाला असेल. आपण मुंबईकर उन्हाळा मोजतो तो घामावर. आणि मे महिन्यात घाटावरची सहल आखताना नेमकं हेच माप आपल्याला दगा देतं.

छत्रपती संभाजीनगरला पारा ४१ वर असतो आणि अंग कोरडं असतं. वाटतं, मुंबईपेक्षा बरंय की! घाम तिथंही येतोच, पण कोरड्या हवेत तो कपड्याला लागायच्या आत उडून जातो. दौलताबादचा किल्ला उतरलो तेव्हा माझ्या भाच्याच्या काळ्या टीशर्टवर, पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या. "मावशी, मला तहानच नाहीये," असं तो सारखं म्हणत होता. अर्ध्या तासात उलट्या सुरू झाल्या. ती दुपार मी विसरलेले नाही. म्हणून हात जोडून सांगते, तहान लागायची वाट बघू नका. नुसत्या पाण्याच्या बाटल्या ढोसूनही भागत नाही, मीठ पोटात जायला हवं. ताक घ्या, पन्हं घ्या, पिशवीत ओआरएसची पाकिटं ठेवा.

तिथं दिवसाचे दोन तुकडे करायचे. वेरूळला उजाडताच पोचा. कैलास लेणं आधी कळसाकडून, मग पायथ्याकडे असं वरून खाली कोरलेलं आहे. ते मान वर करून निवांत बघायचं तर खालचा कातळ तापायच्या आत. अकराला खोलीवर परत, चारनंतर पुन्हा बाहेर. आणि वार बघा! अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोम-मंगळचाच मुक्काम असेल तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलट केलंत तर दोन्हीकडून हात हलवत परत.

मग मालवण. पारा ३३-३४, पण हवेतच इतकं पाणी की घाम वाळत नाही, म्हणजे अंग निवत नाही. तिथं भरवसा वाऱ्यावर. दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो, म्हणून एसीपेक्षा आधी विचारा, खिडकी समुद्राच्या बाजूला आहे का?

घाटावरचा टप्पा आधी ठेवा, कारण एकदा समुद्रात डुंबलेली मुलं परत त्या उन्हात यायला तयार होत नाहीत. पण किनारा फार लांबवूही नका. १ जूनपासून यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या त्याआधीच, मेच्या शेवटच्या आठवड्यात थांबतात. २० मेच्या आत किल्ला बघून घ्या.

रेल्वेचं आरक्षण आता १२० नाही, ६० दिवस आधी उघडतं. १० मेची कोकणची गाडी हवी असेल तर ११ मार्चला सकाळी ८ च्या आधी लॉगिन करून बसा, सगळ्यांची नावं-वयं आधीच भरून ठेवा.