झोपेची गोळी आणि आपलं हृदय

श्रोतेहो, नमस्कार.

ब्लडप्रेशर तपासायला आलेल्या आजींना विचारावं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? त्या प्रेशरची सांगतात, साखरेची सांगतात, रक्त पातळ करणारी सांगतात. मग मागून सून म्हणते, "आणि रात्री ती अर्धी घेतात ना!" आजींच्या लेखी ती अर्धी गोळी औषधात धरायचीच नसते. आज मी त्या अर्ध्या गोळीबद्दलच बोलणार आहे.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम, झोल्पिडेम ही त्यातली नेहमीची नावं. ठरवून दिलेल्या मात्रेत या गोळ्या निरोगी हृदयाला सहसा थेट इजा करत नाहीत. जुन्या काळच्या बार्बिच्युरेट गोळ्यांचा डोस जरा जास्त झाला, तर श्वास आणि रक्तदाब दोन्ही खाली जात आणि माणूस दगावे. आताच्या गोळ्या त्या मानाने बऱ्याच सुरक्षित आहेत. मात्र हृदयाला त्रास व्हायचा तो आडवाटेने होतो, आणि ती वाट बहुतेक वेळा श्वासातून जाते.

घरात कुणी जोरात घोरत असेल तर एक रात्र जवळ बसून ऐका. घोरणं मध्येच थांबतं. दहा, वीस, कधी तीस सेकंद काहीच आवाज नाही. मग हिसका देऊन श्वास परत सुरू होतो. हा स्लीप अ‍ॅप्निया. त्या शांत सेकंदांत रक्तातला ऑक्सिजन उतरतो, अ‍ॅड्रेनॅलिन उसळतं, रक्तदाब एकदम चढतो. वर्षानुवर्षं असं चाललं की कायमचा उच्च रक्तदाब आणि ठोक्यांची अनियमितता मागे लागू शकते. तो हिसका म्हणजे मेंदूने वेळेवर जागं होणं. गुंगीच्या औषधाने नेमकं तेच जागं होणं लांबू शकतं. वर दारू घेतलेली असेल, किंवा ट्रामाडोलसारखी अफूवर्गातली वेदनाशामक गोळी चालू असेल, तर धोका फार वाढतो. अफूवर्गातली वेदनाशामकं आणि ही औषधं एकत्र घेण्याविरुद्ध अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये आपला सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

दुसरा धोका रात्री लघवीला उठताना. उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं आणि एरवी रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब सावरतात. प्रेशरची गोळी, प्रोस्टेटची टॅम्सुलोसिन आणि वर झोपेची गोळी, असं सगळं पोटात असलं की हे सावरणं कमी पडतं. डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय लटपटतात. रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्या माणसाच्या डोक्याला तेव्हा मार लागला, तर आत रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, दिवा लावा, मग उभे राहा. डायझेपाम तर उतारवयात शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं.

आता गोळीची पट्टी उलटी करून वाचा. आपल्याकडे काही पट्ट्यांत क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामच्या जोडीला प्रोप्रॅनोलॉल असतं. ते ठोके मंद करतं. दम्याच्या रुग्णाला ते चालत नाही, आणि हृदयविकार असलेल्याने ते एकदम सोडलं तर छातीत कळा येऊ शकतात. शेजारणीला लागू पडली म्हणून तीच पट्टी आणणं मला म्हणूनच फार धोक्याचं वाटतं.

दीर्घकाळ या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये हृदयविकार जास्त दिसल्याचं काही अभ्यास सांगतात. पण निद्रानाश आणि चिंता यांचाही हृदयावर ताण येतोच, त्यामुळे सगळा दोष गोळीच्या माथी मारता येत नाही.

आणि एक कळकळीची विनंती. हे ऐकून आज रात्री गोळी फेकून देऊ नका. महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली की छाती धडधडते, प्रेशर वाढतं, हात थरथरतात, क्वचित फिटही येते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मात्रा थोडी थोडी, साधारण पाच ते दहा टक्क्यांनी, दर दोन ते चार आठवड्यांनी उतरवत नेतात. याला काही महिने लागतात. मधल्या काळात निद्रानाशावरची वर्तनोपचार पद्धती शिकून घेता येते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवायची, झोप येत नसेल तर अंथरुणातून उठायचं, इथून तिची सुरुवात होते.