बीडाची भेग

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: उभ्या चिरलेल्या ड्रमात लाल निखारे, त्यावर काळा लोखंडी पार्ट. नागपूर, महाल.]

निखाऱ्यांवर तापतोय तो १९७२ सालच्या अ‍ॅम्बेसेडरचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड. इंजिनात जळलेला वायू सगळ्यात आधी याच्या पोटात येतो आणि मग सायलेन्सरच्या नळीकडे जातो. पार्ट बीडाचा आहे, म्हणजे ओतीव लोखंडाचा. त्याच्या मधल्या शाखेवर भेग पडली आहे.

भेग मधेच पडली, याला कारण आहे. अ‍ॅम्बेसेडरच्या या १४८९ सीसी इंजिनात सिलिंडर चार, पण धूर बाहेर पडायला दारं तीनच. कडेची दोन दारं पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरची, मधलं दार दुसऱ्या-तिसऱ्याचं सामाईक. दोघांची आग एकाच वाटेनं निघते. पन्नासहून जास्त वर्षं ती जागा तापत आली, थंड होत आली, पुन्हा तापत आली.

[दृश्य: भाऊ चामड्याचे हातमोजे चढवतात. मागे वाड्याची जुनी भिंत, दोरीवर वाळत घातलेले कपडे.]

भाऊंचं गांधीबागेत साड्यांचं दुकान आहे. वेल्डिंग हा त्यांचा धंदा नाही. दुकान बंद असेल त्या दिवशी वाड्याच्या मागच्या अंगणात त्यांचं हे काम चालतं. गल्लीतल्या एका मिस्त्रींच्या हाताखाली उभं राहून शिकले, मग भंगारातले बीडाचे तुकडे आणून त्यांवर हात बसवला. कुणाच्या पार्टला रॉड लावला तर सामानाचे पैसे घेतात, मजुरी घेत नाहीत.

[गाडीचे मालक, कॅमेऱ्याबाहेरून: "भाऊ, जुळन का जी हे? सगळे तं म्हणतात बीड जुळतच नाही."
भाऊ: "जुळते नं. काऊन नाही जुळणार? घाई तेवढी नाही करायची."]

बीड जुळत नाही, ही समजूत गॅरेजागॅरेजात पक्की आहे. तिच्यापायी किती चांगले पार्ट किलोच्या भावानं गेले असतील! या समजुतीला आधार आहे, हेही खरं. साध्या पोलादी पत्र्यात कार्बन पाव टक्क्याच्याही आत असतो, बीडात तो २ ते ४ टक्के. बराचसा कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांसारखा धातूभर पसरलेला असतो. त्यामुळे बीड ताणलं जात नाही, तुटतं. वितळलेला रॉड थंड होताना आकसतो आणि शेजारच्या बीडाला ओढतो. पोलाद अशा वेळी थोडं वाकून घेतं. बीड मात्र टाक्याच्या, म्हणजे रॉडनं भरलेल्या जागेच्या, शेजारीच पुन्हा फाटतं. त्यातून ते भरभर थंड झालं तर टाक्याच्या कडा इतक्या कडक होतात की कानससुद्धा घसरते. जुळत नाही म्हणणाऱ्यांनी हे पाहिलेलं असतं, पण तो दोष घाईचा होता.

[दृश्य: जवळून. कापडाचा बोळा, रॉकेल, पांढरा खडू.]

आधी भेग कुठपर्यंत गेली आहे ते शोधायचं. काजळी आणि तेल जाळून, तारेच्या ब्रशनं घासून पार्ट कोरा केला आहे. भाऊ त्यावर रॉकेल फिरवतात, थोडं मुरू देतात, वरून कोरडं पुसून घेतात. मग खडू घासून सगळी जागा पांढरी करतात आणि थांबतात. आता पाहा. भेगेत शिरलेलं रॉकेल खडूवर उमटू लागलं. डोळ्यांना दिसत होती त्यापेक्षा भेग लांब आहे, वळून बोल्टच्या भोकाकडे निघाली आहे. हे न पाहता रॉड लावला असता तर टाक्यापलीकडची उरलेली भेग पुढे सरकत राहिली असती.

भेगेच्या दोन्ही खऱ्या टोकांवर ३ मिलिमीटरची भोकं. धारदार टोकाशी सगळा ताण एकवटतो, गोल भोकात तो पसरतो आणि भेग तिथेच अडते.

[दृश्य: ग्राइंडर. ठिणग्या.]

ठिणग्या नीट पाहा: आखूड आणि लालसर, चाकापासून थोड्या अंतरावर विझणाऱ्या. पोलाद घासलं असतं तर लांब, पिवळ्या झळाळत्या रेषा उडाल्या असत्या. हातातला धातू कोणता, हे जाणकार माणूस ठिणगीवरूनच ओळखतो. भेगेच्या जागी आता इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच तयार झाली आहे. रॉडचा धातू तळापर्यंत पोचायला ती हवीच.

मॅनिफोल्ड जाड लोखंडी चॅनेलवर बोल्टनं आवळला आहे, तापून वाकडा होऊ नये म्हणून. इंजिनाच्या हेडवर बसणारी त्याची तोंडं एका पातळीत राहिली नाहीत तर पुढची सगळी मेहनत फुकट. चॅनेल इतवारीतल्या लोखंडाच्या बाजारातून आणलेला.

[दृश्य: पुन्हा निखारे. टेम्परेचर गनवरचा आकडा चढतो.]

पावणेतीनशे अंश. पूर्ण पार्ट सारखा तापला की टाका आणि शेजारचं बीड यांच्यातली ओढाताण कमी होते. म्हणून ही शेगडी. काहीजण इथे गॅसनं पितळ भरतात. इतर बीडकामात पितळ छान चालतं, पण चढावर, ओझं असताना एक्झॉस्टचं बीड लाल होईपर्यंत तापतं. तिथे पितळ नरम पडतं. भाऊ निकेल-लोखंडाचा रॉड वापरतात. साध्या रॉडच्या कित्येक पट महाग. निकेल कार्बनशी कडक संयुग बांधत नाही, टाका मऊ राहतो आणि थोडी ओढ स्वतः सोसतो. अडीच मिलिमीटरचा रॉड, करंट ७० अँपिअरच्या आसपास.

[दृश्य: आर्क. काळ्या काचेतून.]

टाका इंचभर, त्याहून मोठा नाही. रॉड उचलला की लगेच गोल तोंडाच्या हातोडीनं हलके ठोके. आवाज ऐका. हे ठोके टाक्यावर जमणारा पोपडा काढायला मारलेले नाहीत. टाका अजून लालसर आहे, आकसू पाहतोय, आणि ठोक्यांनी तो उलट पसरतो. ओढ तिथल्या तिथे मोडते. मग ब्रश, मग पुन्हा टेम्परेचर गन. आकडा उतरला असेल तर पार्ट परत निखाऱ्यांवर. पुढचा टाका पहिल्याला लागून घेत नाहीत, भेगेच्या दुसऱ्या टोकाकडून घेतात, म्हणजे उष्णता एका जागी साचत नाही. इंचभर काम आणि भरपूर वाट पाहणं, असं दुपारभर चालतं. मुलं बघायला जमतात. हेल्मेटची काच खाली आणण्याआधी भाऊ दर वेळी ओरडतात, "पोट्टेहो, तिकडं तोंड करा!" आणि सगळी तोंडं वळल्याशिवाय रॉड टेकवत नाहीत.

[दृश्य: ड्रमचा दुसरा अर्धा भाग. चाळलेली कोरडी राख.]

शेवटचा टाका झाला. आता चॅनेलसकट पार्ट राखेत पुरायचा आणि हात लावायचा नाही. इथे उतावीळपणानं कुणी पाणी शिंपडलं, पंखा लावला, की दुपारचं सगळं काम एका आवाजात संपतं. राख उष्णता धरून ठेवते, बीड रात्रभर हळूहळू निवत राहतं. हे शिकायला महागडी यंत्रं लागत नाहीत. याच शहरात आयटीआयत वेल्डरचा वर्षाचा ट्रेड आहे, गल्लोगल्ली हात बसलेले मिस्त्री आहेत. बीडाचं काम मागायला येणारी माणसं मात्र कमी झाली आहेत, कारण पार्ट बदलून टाका, असंच सगळीकडे सांगितलं जातं.

[दृश्य: सकाळ. राख बाजूला होते. खडू, रॉकेल.]

पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. पांढरं पांढरंच राहिलं. हातोडीनं टिचकी मारली तर सलग नाद.

[दृश्य: उघडं बॉनेट. इंजिन सुरू होतं. मालकांचा चेहरा.]

तोंडं लेथवाल्याकडून सपाट करून घेतली, नवं गॅस्केट बसलं, गाडी सुरू झाली. फटफट आवाज गेला, आणि भेगेतून गळणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरायचा धोकाही गेला.

५० वर्षांवरच्या गाड्यांना २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते. त्यासाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार चालत नाहीत. मालक आता तो अर्ज भरणार आहेत, हिंदुस्तान मोटर्सच्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून आलेल्या याच मॅनिफोल्डसह.