वडगावच्या अंगणात शॉकअप

(पडद्यावर: वडगाव, बेळगाव. पहाटेची गल्ली. बंद दारामागून यंत्रमागाचा आवाज.)

वडगावात दिवस उजाडतो तो मागाच्या खटखटाटानं. पाऊस जाऊन आठवडा झालाय. अंगणातली फरशी पूर्ण वाळलीय, आणि तिच्यावर उभी आहे माझी अबार्थ पुंटो. पुण्याजवळ रांजणगावला तयार झालेली, २०१५ साली आपल्याकडं विक्रीला आलेली. १.४ लिटरचं टर्बो इंजिन, १४५ हॉर्सपॉवर. पाच दारं बघून कुणी तिला स्पोर्ट्स कार म्हणायला तयार होत नाही. मी अशा माणसाला शेजारी बसवतो आणि जांबोटीच्या रस्त्याला लागतो.

त्याच रस्त्यानं तिचे शॉकअप खाल्ले. जांबोटी, मग मलप्रभेचा उगम जिथं आहे ते कणकुंबी, आणि पुढं चोर्ला घाट उतरून गोवा. पावसाळ्यात तिथं खड्डा आणि डबकं यांतला फरक चाक आत गेल्यावरच कळतो. दोन पावसाळे काढले तसं गाडीचं वागणं बदललं. ब्रेक मारला की नाक खाली जायचं. गतिरोधक ओलांडला की एकदा डुलून थांबायचं सोडून तीनदा डुलायची. टायरवरून हात फिरवला तर उंचसखल लागायचं. शेवटी पुढच्या उजव्या शॉकअपवर तेलाचा ओघळ दिसला.

(पडद्यावर: बॉनेटवर दोन्ही तळवे. दाब, सोड. गाडी डुलत राहते.)

पुष्कळांना वाटतं, गाडीचं वजन शॉकअप पेलतो. वजन पेलते स्प्रिंग. पण स्प्रिंगला थांबणं माहीत नसतं. एकदा दबली की ती उसळत राहणार. तिला आवरतो शॉकअप. आत तेल, तेलात पिस्टन, पिस्टनला बारीक वाटा. चाक वरखाली झालं की तेलाला त्या अरुंद वाटांतून जावं लागतं, आणि सगळी उसळी तिथं उष्णता होऊन जाते.

हे मला पुस्तकात शोधावं लागलं नाही. मी उद्यमबागेत हायड्रॉलिक सिलिंडरच्या कारखान्यात काम करतो. रॉड ग्राइंड करायचा, त्याला हार्ड क्रोम चढवायचं, मायक्रॉनमध्ये मोजायचं आणि तळहातावर बाळ घ्यावं तसा पुढच्या टेबलावर न्यायचा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात. यंत्र उघडून बघायची खोड बेळगावला जुनी आहे. म्हणून ठरवलं, हे काम घरीच करायचं. मदतीला मामा. जन्म फिटर म्हणून गेला त्यांचा.

(पडद्यावर: पुढचं चाक. पान्यावर मामांचा हात.)

चाकाचे बोल्ट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. मग जॅक, मग दोन्ही बाजूंना स्टँड, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीखाली सरकवलं. स्टँड घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. नुसत्या जॅकच्या भरवशावर मामा कुणाला गाडीखाली हात घालू देत नाहीत. मीही देत नाही.

शॉकअप खाली नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला, दोन बोल्टनी धरलेला असतो. गंजानं ते जाम होते. आदल्या रात्री तेल सोडून ठेवलं म्हणून सुटले. सोडण्याआधी त्यांची जागा पांढऱ्या रंगानं खुणावली. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर क्लिपमधून सोडवली, शॉकअपला जोडलेली बारीक दांडी, लिंक रॉड, बाजूला केली. बोल्ट निघाले की नकल बाहेर कलंडतो आणि त्याचा सगळा भार ब्रेकच्या पाइपवर येतो, म्हणून तो तारेनं बांधून ठेवला. दहा रुपयांची तार, पण विसरली तर ब्रेकला मुकायची वेळ.

आता स्प्रिंग.

(पडद्यावर: बाकावर स्प्रिंगसकट शॉकअप. स्प्रिंग दाबून धरणारे दोन कॉम्प्रेसर समोरासमोर. संगीत नको, फक्त पान्याचा आवाज.)

इथं मला थांबायचंय. ही स्प्रिंग गाडीचा कोपरा पेलते. कॉम्प्रेसरनं आवरलेली नसताना वरचा नट सुटला तर स्प्रिंगच्या डोक्यावरची वाटी बंदुकीच्या गोळीसारखी जाईल. म्हणून कॉम्प्रेसरचे हुक दोन्ही बाजूंना समोरासमोर लावून आळीपाळीनं अर्धा अर्धा फेरा द्यायचा. माझा हात भरभर चालला होता. मामा म्हणाले, "घाई का करूलास? तिला दमानं दबू दे की." वाटीच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, मामांनी दारातल्या पोरांनाही घरात पाठवलं. स्प्रिंग वाटीपासून मोकळी होऊन हातानं हलायला लागली, तेव्हाच वरचा नट उघडला.

जुना शॉकअप हातात आला. पिस्टनचा रॉड दाबला तर काही अडवणूक न करता आत गेला, आणि तिथंच राहिला. फडक्यानं पुसून मी त्यावरून नख फिरवलं. एका जागी अडकलं. मोहरीपेक्षा बारीक खड्डा. तिथलं क्रोम उडालं होतं. तो खड्डा दर उसळीला तेल अडवणाऱ्या सीलवरून गेला, सीलची कड थोडी थोडी फाडत, आणि तेल बाहेर येत राहिलं. कारखान्यात असा रॉड आम्ही नापास करतो. घाटात तो माझ्या गाडीखाली होता.

(पडद्यावर: खड्डा, अगदी जवळून.)

म्हणूनच कळकळीनं सांगतो: नवा बसवताना रॉडला पकड लावू नका. नट आवळताना रॉड फिरतो, मग कुणीतरी पकड काढतं आणि पहिल्याच दिवशी त्याला असाच ओरखडा देतं. रॉडच्या टोकाला ॲलन कीची जागा असते, तिथंच धरायचं. नवा शॉकअप आधी उभा धरून चारपाच वेळा पूर्ण आतबाहेर केला, म्हणजे आडवा पडून असताना तेलात शिरलेली हवा वर जाते. पहिल्या दाबाला हात लटपटला, पाचव्याला सरळ, घट्ट. स्प्रिंगचं टोक खालच्या वाटीतल्या पायरीला टेकवलं. वरचं माउंटिंग, बेअरिंग, रबरी बंपर, धुळीचं कव्हर, सगळं नवं. आणि जोडीनंच, एक नवा, एक जुना असं करायचं नाही.

मागचं काम सोपं. तिथं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, दोन्ही मागची चाकं जोडणाऱ्या बीमखाली जॅकचा आधार दिला की झालं. पण माझं जुनं दुखणं तिथलंच आहे. मागं एका गॅरेजमध्ये मागचे शॉकअप बदलून घेतले होते. चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट करकचून आवळले. गाडी खाली आली तेव्हा शॉकअपच्या टोकातल्या बुशचं रबर पिळलेलंच राहिलं, आणि वर्षाच्या आत फाटलं. या वेळी बोल्ट आधी नुसते बसवले. मग जुन्या हातमागाच्या सागवानी फळ्या चाकांखाली घातल्या, गाडीचं वजन चाकांवर येऊ दिलं, आणि आडवं झोपून टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळले.

(पडद्यावर: टॉर्क रेंचचा 'टक्'.)

दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून आणलं. ते सोडायचं नसतं. खुणा कितीही नेमक्या केल्या तरी चाकाचा कोन थोडा हलतोच.

(पडद्यावर: जांबोटीचा रस्ता, दुपार. दोन्ही बाजूंना झाडी.)

मामा शेजारी. पहिला गतिरोधक. गाडी एकदा दबली, एकदा वर आली, आणि गप्प झाली. मामा काही बोलले नाहीत. जांबोटीच्या पुढं, रस्ता जिथं पार उखडलाय, तिथून मी जाऊन परत आलो आणि झाडाखाली थांबलो. मामा उतरले, मागच्या चाकामागं हात घातला आणि शॉकअपला पालथा हात लावला.

"तापलाय," म्हणाले, आणि हात पुसत परत येऊन बसले.